उघड्या दाराची लाल खूण

मोटारीचं पुढचं दार पूर्ण उघडा आणि आतल्या बाजूला, खाली मागच्या कोपऱ्यात पाहा. बऱ्याच गाड्यांत तिथे बोटभर लांबीचा लाल प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो. काही गाड्यांत तो दाराच्या कडेवर, लॉकच्या खाली असतो. महागड्या मॉडेलात त्यामागे बल्ब असतो, स्वस्त मॉडेलात नुसताच रिफ्लेक्टर, आणि अगदी खालच्या मॉडेलात त्याच आकाराची काळी टोपी. गाडी धुताना त्याच्यावरून रोज फडकं फिरतं, पण तो कशासाठी आहे असं विचारलं तर दहातले नऊ मालक खांदे उडवतात.

दार उघडं आहे हे मागून येणाऱ्याला अंधारात दिसावं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लागते आणि चालकाचं दार उजवीकडे, थेट वाहत्या रस्त्यात उघडतं. साधारण मीटरभर लांबीचं दार सत्तर अंशांत उघडलं की रस्त्याची ९४ सेंटिमीटर रुंदी अडते. नेमक्या त्याच पट्ट्यातून आपल्याकडच्या दुचाक्या आणि सायकली जातात. गाडीचे टेललाइट किंवा चारही इंडिकेटर चालू असले तरी ते गाडीच्या अंगावर असतात. मागचा माणूस त्यांच्यावरून गाडीच्या रुंदीचा अंदाज घेतो आणि हातभर अंतर सोडून बाजूने काढायला बघतो. दार असतं त्या सोडलेल्या अंतरातच.

आता थोडा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटरने येणारी स्कूटर सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत एक ते दीड सेकंद, म्हणजे ११ ते १७ मीटर. त्यानंतर रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगला असला तरी थांबायला आणखी दहा मीटर लागतात. दार याहून जवळ, अचानक उघडलं तर कुठलाही दिवा किंवा रिफ्लेक्टर कामाला येत नाही. या प्रकरणात ज्या वस्तूंबद्दल लिहितो आहे त्या उघडं असलेलं दार दाखवतात. उघडू घातलेलं दार त्यांना दाखवता येत नाही. अशा वस्तूंच्या जाहिरातींत नेमकी इथेच गल्लत केलेली असते.

पण दार उघडं राहण्याचे प्रसंगही कमी नसतात. सोसायटीच्या फाटकाशी आजीला उतरवताना दार दोन मिनिटं सताड उघडं असतं. मागच्या सीटवर मुलाचा पट्टा लावायचा असतो, सामान काढायचं असतं, घाटात गाडी तापलेली असते, हमरस्त्याच्या कडेला चाक बदलायचं असतं. अशा वेळी शंभर मीटरवरून लाल खूण चमकली तर मागच्याला बाजूला व्हायला सात-आठ सेकंद मिळतात, आणि तेवढे पुष्कळ झाले.

हा तुकडा स्वतः प्रकाश देत नाही. तो आलेला प्रकाश आला तिकडेच परत पाठवतो. साध्या आरशाला हे जमत नाही. आरशावर तिरपा पडलेला झोत दुसऱ्या बाजूला निघून जातो, म्हणून तिरपा आरसा हेडलाइटसमोर काळा दिसतो. रिफ्लेक्टरची युक्ती कॅरमच्या बोर्डावर करून पाहता येते. कोपऱ्याजवळ, भोकात जाणार नाही असा बेतून स्ट्रायकर मारा. एका पट्टीवर आपटून तो लगेच काटकोनातल्या दुसऱ्या पट्टीवर आपटला की ज्या दिशेने गेला त्याच दिशेला समांतर परत येतो, मग नेम कुठल्याही कोनात धरलेला असो. दोन पट्ट्यांनी सपाटीवर जे साधतं ते अवकाशात साधायला तिसरी काटकोनातली भिंत लागते. खोलीच्या दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तसा कोपरा. लाल तुकड्याच्या पाठीमागे असे इवलेसे कोपरे ओळीने, मधमाशीच्या पोळ्यासारखे दाटीवाटीने कोरलेले असतात.

या कोपऱ्यांना आरशासारखा मुलामा दिलेला नसतो. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९. त्यातून हवेत निघू पाहणारा किरण ४२ अंशांहून जास्त तिरपा असेल तर बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा आत परततो. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. समोरून आलेला किरण कोपऱ्याच्या प्रत्येक बाजूवर सुमारे ५५ अंशांनी पडतो, त्यामुळे तो आरामात परततो. मात्र यासाठी प्लास्टिकच्या मागे हवा असावी लागते. तिथे पाणी शिरलं तर ४२ अंशांची मर्यादा ६३ अंशांवर जाते, आणि ५५ अंशांनी आलेला किरण परतण्याऐवजी पाण्यात निघून जातो. तडा गेलेला, आत पाणी झिरपलेला रिफ्लेक्टर दिवसा लालभडक दिसतो आणि रात्री मेलेला असतो, त्याचं कारण हे. निखळलेला रिफ्लेक्टर चिकटवताना पाठीवर भरभरून सिलिकॉन थापणारे कारागीर मी पाहिले आहेत. मागची बाजू उघडी असलेल्या तुकड्याचं काम त्या थापण्यासरशी संपतं, कारण सिलिकॉन पाण्यापेक्षाही वाईट. चिकटवायचं असेल तर फक्त कडेने चिकटवावं, किंवा पाठ बंद केलेला तुकडाच घ्यावा.

प्रकाश परत पाठवण्याचा दुसरा मार्ग काचेच्या गोळ्यांचा. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्स गावच्या पर्सी शॉ नावाच्या रस्तेदुरुस्तीच्या ठेकेदाराने १९३४ साली ‘कॅट्स आय’चं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी कारखाना काढला. रस्त्याच्या मध्यरेषेवर रबराच्या गादीत बसवलेले काचेचे डोळे, आणि चाक वरून गेलं की गादी दबून तेच रबर काच पुसून घेणार, तेही साठलेल्या पावसाच्या पाण्याने. मला त्या शोधातला हा पुसण्याचा भाग डोळ्यांपेक्षा जास्त हुशारीचा वाटतो. परावर्तक स्वच्छ राहिला तरच परावर्तक, हे शॉने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रात्री दिवे झाकून गाड्या चालवाव्या लागल्या तेव्हा या डोळ्यांची मागणी एकदम वाढली.

काटकोनी कोपऱ्यांनी तर त्याहून लांबचा प्रवास केला आहे. चंद्रयान-३च्या विक्रम लँडरवर ‘नासा’ने दिलेला जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा एक परावर्तक आहे, त्यात असे आठ कोपरे आहेत. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर टाकला आणि प्रकाश परत आला. त्या परावर्तकाला वीज लागत नाही, म्हणून विक्रम कायमचा झोपल्यावरही तो काम करतो. मोटारीची बॅटरी उतरली तरी दारावरचा रिफ्लेक्टर चालू राहतो, तोही याच न्यायाने.

‘रेडियम’ची पट्टी म्हणून जी आपल्याकडे नंबरप्लेटच्या दुकानात मिळते तिच्यातही साध्या प्रकारात काचेचे सूक्ष्म मणी असतात. प्रत्येक मणी येणारा प्रकाश आपल्या पाठीवर एका बिंदूत आणतो आणि तिथून परत फेकतो. मणी उघडे असले आणि त्यांच्यावर पाण्याचा थर आला की हा बिंदू जागेवरून सरकतो आणि चमक जाते. मुसळधार पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे गायब होतात ते याचमुळे. चांगल्या पट्टीत मण्यांवर पारदर्शक आवरण असतं, तिला पावसाचा त्रास कमी. मण्यांची पट्टी कोपऱ्यांच्या रिफ्लेक्टरइतकी तेजस्वी नसते, पण ती तिरप्या प्रकाशालाही बऱ्यापैकी उत्तर देते. दाराच्या बाबतीत हा गुण फार महत्त्वाचा ठरतो.

दार ही फिरणारी वस्तू आहे, ही गोष्ट इथे विसरून चालत नाही. बंद दाराची मागची कड बरोबर मागे तोंड करून असते, पण गाडीच्या चौकटीत दडलेली. दार वीस अंशांत किलकिलं झालं की कड बाहेर येते आणि अजून बरीचशी मागेच बघत असते. तिच्यावरचा रिफ्लेक्टर छान दिसतो. दार सत्तर अंशांत उघडलं की कड जवळजवळ रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला बघू लागते आणि मागे तोंड येतं ते दाराच्या आतल्या अंगाचं. म्हणजे कडेवरचा तुकडा दार थोडं उघडं असताना कामाचा, आतल्या अस्तरावरचा तुकडा पूर्ण उघडं असताना. आणि पंचेचाळीस अंशांवर? तेव्हा दोन्ही तुकडे मागच्या हेडलाइटपासून पंचेचाळीस अंश वळलेले असतात. वाहनांच्या रिफ्लेक्टरची आंतरराष्ट्रीय चाचणी बाजूला वीस अंशांपर्यंतच घेतात; त्यापुढे नेहमीच्या रिफ्लेक्टरचं तेज झपाट्याने उतरतं. अडचणीची गोष्ट अशी, की दाराला मध्येच अडकून राहण्याचा जो टप्पा असतो तो साधारण याच मधल्या कोनात येतो. चिंचोळ्या गल्लीत दार तिथेच धरून आपण वाकून पिशव्या काढत असतो.

यावर उपाय म्हणजे कड आणि आतलं अंग जिथे मिळतं त्या कोपऱ्यावरून गुंडाळून घेतलेली मण्यांची पट्टी, किंवा तिथे तिरपा बसवलेला रिफ्लेक्टर. काही कारखान्यांनी हे ओळखून लाल भिंग कोपऱ्यावर वळवलेलं असतं. घरी पट्टी लावायची तर जागा स्पिरिटने पुसून घ्यावी, टोकं कात्रीने गोल करावीत म्हणजे ती उचकटत नाहीत, आणि दाराची रबरी बीडिंग जिथे टेकते ती जागा टाळावी. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत येतं. पट्टी शक्यतो खाली लावावी. मागच्या गाडीचा डिपर खालीच जास्त पडतो. काचेच्या रेषेत लावलेल्या पट्टीवर पुरेसा प्रकाश पोचतच नाही.

आणि पट्टी लालच हवी. आपल्या मोटार वाहन नियमांत मालवाहू गाड्यांच्या परावर्तक पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत: पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. रात्री चालवणाऱ्याचा मेंदू विचार न करता हे रंग वाचतो. दाराच्या मागे तोंड करणाऱ्या बाजूला छान चमकते म्हणून पांढरी पट्टी लावली तर ‘समोरून काहीतरी येतंय’ असा भलताच निरोप जातो. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात ज्यांनी उसाच्या ट्रॉलीमागून रात्री गाडी चालवली आहे त्यांना लाल रंगाची किंमत वेगळी सांगायला नको. लोंबत्या वाढ्यांनी मागचे दिवे झाकलेले असतात आणि ट्रॉलीच्या फळीवरचे दोन लाल चौकोन तेवढे ती आहे असं सांगतात.

रिफ्लेक्टर सगळ्यांना सारखा दिसतो असंही नाही. प्रकाश जर काटेकोर आला त्याच वाटेने परतला असता तर तो हेडलाइटमध्ये गेला असता, चालकाच्या डोळ्यात नाही. मोटारचालकाचा डोळा हेडलाइटच्या साधारण अर्धा-पाऊण मीटर वर असतो. शंभर मीटरवरून हा फरक अंशाच्या एक तृतीयांश इतका भरतो, म्हणून परतणारा झोत मुद्दाम तेवढा फाकलेला ठेवतात. ट्रकचालक मात्र आपल्या हेडलाइटच्या पुष्कळ वर बसलेला असतो. झोताचा बराचसा भाग त्याच्या डोळ्यांखालून जातो आणि तोच रिफ्लेक्टर त्याला मंद दिसतो. दिवा नसलेल्या सायकलवाल्याला तर तो दिसतच नाही. त्याने प्रश्नच विचारलेला नाही, तर रिफ्लेक्टर उत्तर कुठून देणार? हमरस्त्यावरचा ट्रकचालक आणि गल्लीतला सायकलवाला, या दोघांसाठी स्वतःहून पेटणारा दिवा लागतो.

कारखान्यातून येणारी दिव्याची रचना साधी असते. दार उघडलं की छतावरचा दिवा ज्या स्विचने लागतो त्याच स्विचवर दारातला बल्ब. जुन्या गाड्यांत हा स्विच चौकटीतली दबणारी खुंटी असायचा आणि बल्बची अर्थ जोडायचा. नव्या गाड्यांत तो लॉकच्या आत असतो आणि आपली खबर बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या डबीला देतो. काय पेटवायचं, किती वेळ, ते ही डबी ठरवते. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत वरच्या मॉडेलला दिवा आणि खालच्या मॉडेलला त्याच खाचेत रिफ्लेक्टर असा प्रकार असतो. त्यामुळे ‘फक्त दिवा आणून बसवू’ असं वाटतं. अस्तर काढल्यावर कळतं, की खाच आहे पण वायर आलेलीच नाही. मग बिजागरीजवळच्या रबरी नळीतून नवी वायर ओढावी लागते. ही नळी म्हणजे गाडीतली सर्वांत जास्त वाकवली जाणारी जागा. तिथे जाड, कडक वायर घातली तर वर्ष-दोन वर्षांत ती आतल्या आत तुटते, आणि तिथे जोड दिला असेल तर शॉर्ट होण्याचीही भीती. बारीक तारांची लवचिक वायर, जोड नळीच्या बाहेर, आणि सुरुवातीलाच एक छोटा फ्यूज, एवढं ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आग्रहाने करून घ्यावं. नव्या गाडीत त्या डबीतून निघणाऱ्या वायरीवर परस्पर भार टाकू देऊ नये. डबी बिघडली तर खर्च दिव्याच्या कैकपट होतो, आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

किती वीज जाते? जुना पाच वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर ०.४ अँपिअर घेतो. चार दारांत चार बल्ब, म्हणजे जवळपास १.७ अँपिअर. रात्री आठ वाजता एखादं दार अर्धवट लागलेलं राहिलं आणि चारही दिवे त्याच्यासोबत पेटत राहिले, तर सकाळी आठपर्यंत ४० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी होते, आणि जुनी बॅटरी असेल तर गाडी सुरूच होत नाही. अर्ध्या वॅटचे एलईडी लावले तर हा खर्च दहाव्या हिश्शावर येतो. शिवाय आजच्या बहुतेक गाड्या काही मिनिटांनी आतले दिवे आपोआप बंद करतात. पण मग वीस मिनिटं चाक बदलत बसलात तर दारातला दिवा कधीच विझलेला असतो, हेही लक्षात घ्यावं. म्हणूनच ज्यांनी दिवा बसवला त्यांनीही रिफ्लेक्टर काढून टाकू नये.

बाजारात चिकटवायचे, लोहचुंबकाच्या इशाऱ्यावर पेटणारे बॅटरीवरचे लाल दिवेही मिळतात. वायरिंगची कटकट नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या दारात त्यांचा गोंद वितळतो आणि ते पायाशी पडतात. त्यातले बरेचसे भराभर लुकलुकतात. लक्ष वेधायला ते उत्तम, तरी मला स्थिर किंवा संथ मिचकणारा दिवा बरा वाटतो, कारण भरभर लुकलुकणाऱ्या एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला नीट लागत नाही. निळा-लाल तर लावूच नये. तो रंग रस्त्यावर दुसऱ्यांसाठी राखलेला आहे. दाराखालून जमिनीवर कंपनीचं बोधचिन्ह उमटवणारे पांढरे दिवे हौसेचे आहेत. डबक्यात पाय पडू नये एवढा त्यांचा उपयोग. मागच्या गाडीसाठी त्यांचा काही उपयोग नाही.

गंमत म्हणजे डिकीच्या दाराबाबत नियम कधीच कडक झालेले आहेत. वाहनांच्या दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार डिकी उघडल्यावर मागचे दिवे झाकले जात असतील, तर पर्यायी दिवे द्यावेच लागतात. आउडीच्या क्यू-५ आणि क्यू-७ मध्ये टेललाइटसकट अख्खी डिकी वर जाते. अंधारात त्यांची डिकी उघडली की मागच्या बंपरमधले दुसरे दिवे पेटतात. बाजूच्या दारांबाबत इतका काटेकोरपणा नाही, आणि म्हणूनच तिथे कुणाला दिवा, कुणाला रिफ्लेक्टर तर कुणाला काळी टोपी मिळते.

उघडू घातलेल्या दाराचा प्रश्न उरतो. त्यासाठी गाडीने मागे बघावं लागतं. मागच्या बंपरमधल्या रडारने येणारी सायकल किंवा गाडी टिपायची आणि आत बसलेल्याला इशारा द्यायचा, अशी सोय आता आउडी, ह्युंदाई वगैरेंच्या वरच्या मॉडेलांत मिळते. बिनखर्चाची सोय हाताची आहे. दाराकडच्या हाताने दार न उघडता पलीकडच्या हाताने उघडायचं. उजवीकडे बसलेल्या आपल्या चालकाने डाव्या हाताने. हात ओलांडून न्यावा लागला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि नजर आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी २०१६ मध्ये उघडलेल्या दारामुळे एका सायकलस्वार तरुणीचा जीव गेल्यावर मायकल चार्नी या निवृत्त डॉक्टरांनी ‘डच रीच’ या नावाने या सवयीचा प्रसार सुरू केला. २९ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्येही तिचा समावेश झाला. तिथे बेपर्वाईने दार उघडून कुणाला इजा केली किंवा धोक्यात घातलं तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

मागच्या सीटवरच्या मुलांना ही सवय लागेपर्यंत उजव्या मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावून ठेवावं, म्हणजे सगळे डावीकडून, फुटपाथच्या बाजूने उतरतात. ते बारीक खिटीचं लॉक दाराच्या कडेवरच असतं, बहुतेकदा रिफ्लेक्टरच्या वीतभर वर, आणि दार उघडल्याशिवाय ते लावता किंवा काढता येत नाही. हे फक्त घरच्या गाडीपुरतं. टॅक्सीत चाइल्ड लॉक ठेवायला प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी जुलै २०१९ पासून देशभर बंदी आहे. म्हणून टॅक्सीत उजवीकडे बसायची वेळ आली, तर उतरताना डावीकडे सरकत जाऊन पलीकडच्या दाराने उतरावं.